पोपट घरी आला की आधी वजनकाटा

दत्तक घेतलेला पोपट पहिले आठ-दहा दिवस इतका शहाण्यासारखा वागतो की घरातले सगळे हरखून जातात. ओरडत नाही, चावत नाही, एका दांडीवर बसून टकमक बघत राहतो. ‘किती गुणी आहे!’ म्हणत जो तो त्याला हातावर घ्यायला धावतो. पण तो गुणी नसतो, बुजलेला असतो. ज्याची शिकार होऊ शकते अशा पाखराला अनोळखी जागी एकच सुचतं: हलायचं नाही, आणि काही दुखत-खुपत असलं तरी कुणाला कळू द्यायचं नाही. म्हणून या दिवसांत त्याच्या वागण्यावरून काहीच ठरवू नका. ठरवायचं ते काट्यावर दिसणाऱ्या ग्रॅमवरून आणि पिंजऱ्याच्या तळाशी पडलेल्या शिटेवरून. लाड, बोलायला शिकवणं, खांद्यावर घेऊन फोटो, हे सगळं नंतर.

पक्षी आणायला जाण्याआधी जुन्या घराशी निवांत बोलून घ्या आणि उत्तरं लिहून ठेवा. काय खातो, कोणत्या भांड्यात खातो, किती वाजता झोपतो, रात्री पिंजऱ्यावर कापड असतं का, हातावर बोलावताना कोणता शब्द वापरतात, पुरुषांकडे जातो की बायकांकडे. आणि कशाला घाबरतो? हा प्रश्न हमखास राहून जातो. उत्तर झाडू असू शकतं, टोपी असू शकते, रंगवलेली नखंही असू शकतात. आधी माहीत असलं तर पुढचे पंधरा दिवस ‘हा आपल्यावरच का चिडतो’ या कोड्यात जात नाहीत. सध्याचा खुराक दोन-तीन आठवडे पुरेल एवढा मागून घ्या, तो कितीही निकृष्ट असला तरी. माणसं बदलली, खोली बदलली, आवाज बदलले. निदान तोंडातला दाणा तरी ओळखीचा राहू दे. पायात कडं असेल तर त्याचा नंबर आणि दत्तक दिल्याचं लेखी पत्र त्याच दिवशी घ्या. कोणता पोपट पाळता येतो याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, आणि बजी, कॉकाटील अशा चार जाती सोडल्या तर जगातले झाडून सगळे पोपट ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांमध्ये येतात. कागद नसलेला पक्षी पुढे कधीतरी डोकेदुखी ठरतो.

जुना पिंजरा मिळत असेल तर तो आणणंच बरं. अपवाद दोनच: फार लहान असेल तर, आणि गंजलेला किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीचा असेल तर. पोपट चोचीचा हातासारखा आधार घेत चढतो, म्हणजे दिवसभर जाळी चघळत असतो. तो मुलामा पोटात जाऊन जस्ताची विषबाधा होते. स्टेनलेस स्टील सगळ्यात उत्तम, नाहीतर चांगलं पावडर कोटिंग. माप जातीप्रमाणे: कॉकाटील किंवा लहान कोन्युअरला किमान 24 इंच लांब, 24 रुंद, 30 उंच, आफ्रिकन ग्रे किंवा ॲमेझॉनला 36 बाय 24 बाय 48, मोठ्या मकावला 48 बाय 36 बाय 60. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण पोपट हेलिकॉप्टरसारखा सरळ वर उडत नाही. सळ्यांमधली फट मात्र मोठी नको. बजी आणि लव्हबर्डला अर्धा इंच, ग्रेला पाऊण ते एक, मोठ्या मकावला एक ते दीड. फट जास्त असली की डोकं बाहेर जातं आणि आत येत नाही. गोल पिंजरा दिसायला झकास, पण त्याला कोपराच नसतो. घाबरलेल्या पक्ष्याला पाठ टेकवायला जागा हवी असते.

दांड्यांवर कंजुषी होते. पिंजऱ्याबरोबर येणाऱ्या गुळगुळीत, एकाच जाडीच्या दांड्या काढून टाका. पोपटाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. दांडी एकसारखी असली की वजन रोज तळपायाच्या त्याच ठिपक्यावर येतं, तिथे घट्टा पडतो, मग जखम होते आणि ती लवकर भरत नाही. कीटकनाशक न मारलेल्या पेरूच्या वेड्यावाकड्या फांद्या उत्तम, कारण त्यांची जाडी जागोजागी बदलते. बोटांनी दांडीचा साधारण दोन-तृतीयांश घेर धरला तर जाडी बरोबर. नखं घासली जावीत म्हणून सॅंडपेपर गुंडाळलेल्या दांड्या विकतात, त्याने नखं राहतात तशीच आणि तळपाय सोलवटतात. झोपायची दांडी सगळ्यात वर, आणि तिच्या बरोबर खाली दाण्या-पाण्याचं भांडं नको. का ते पहिल्याच सकाळी कळेल.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली हवी आणि पक्षी साधारण आपल्या छातीच्या उंचीवर बसेल अशी सोय हवी. माणसं दिसावीत, पण येण्याजाण्याच्या वाटेत नको. सगळा पिंजरा खिडकीत नको, कारण उन्हातून सरकायला सावली हवी आणि आकाशातल्या घारीपासून लपायला आडोसा.

स्वयंपाकघरात किंवा त्याच्या लगत तर मुळीच नको, आणि इथे जरा थांबायला हवं. पक्ष्याच्या फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ. त्यांच्यामुळे श्वास घेतानाही आणि सोडतानाही फुफ्फुसातून ताजी हवा एकाच दिशेने वाहत राहते. उडणाऱ्या जिवाला एवढा प्राणवायू लागतोच. पण जी यंत्रणा प्राणवायू इतक्या झपाट्याने शोषते, ती विषारी वायूही तितक्याच झपाट्याने शोषते. नॉनस्टिक भांड्यावरचा थर साधारण 260 अंश सेल्सिअसच्या वर तापला की त्याचं विघटन होऊ लागतं आणि त्यातून वायू सुटतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर तिथवर जायला काही मिनिटं पुरतात. माणसाला बहुधा थोडा वेळ फ्लूसारखी कणकण येते. पोपट दुसऱ्या खोलीत असला तरी दांडीवरून खाली कोसळू शकतो, आणि डॉक्टरकडे न्यायला बहुधा वेळच मिळत नाही. एअर फ्रायर, सॅंडविच टोस्टर, काही इस्त्र्या आणि रूम हीटर यांच्यातही हाच थर असतो. पोपट येण्याआधी घरातली अशी भांडी बदला. ‘मंद आचेवरच वापरतो’ हा युक्तिवाद एखाद्या दिवशी फोन येईपर्यंतच टिकतो. उदबत्ती, सुगंधी मेणबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट आणि सगळ्या प्रकारचे स्प्रे पोपटाच्या खोलीत बंद.

आता प्रवास. लहान, घट्ट दाराचा कॅरिअर घ्या, तळाशी टॉवेल अंथरा म्हणजे पाय घसरणार नाहीत. आत दांडी लावायचीच असेल तर तळापासून दोन-तीन इंचांवर. पाण्याचं भांडं ठेवू नका, सांडून पक्षी भिजतो. त्याऐवजी काकडीचा किंवा सफरचंदाचा तुकडा ठेवा, सफरचंदाच्या बिया काढून. वरून पातळ कापड टाका, एक बाजू उघडी ठेवा. गाडीत कॅरिअर मागच्या सीटवर पट्ट्याने बांधा, पुढे एअरबॅग असते. शक्यतो सकाळी आणा, म्हणजे अंधार पडायच्या आत त्याला दांड्या आणि दाण्याची भांडी कुठे आहेत ते कळतं. घरी आल्यावर कॅरिअरचं दार पिंजऱ्याच्या दाराला लावून उघडा आणि बाजूला व्हा. पाच मिनिटं लागोत की पाऊण तास, तो स्वतःहून आत जाईल. हात घालून ओढलेल्या पोपटाला या घरातला पहिला हात कायमचा लक्षात राहतो.

पहिल्या दिवशी पाहुणे नकोत. मोठ्या आवाजात टीव्ही नको, घरातल्या कुत्र्या-मांजराची ओळखपरेड तर नकोच. पिंजऱ्याची तिन्ही मोकळी अंगं अर्ध्यापर्यंत कापडाने झाका. दाणा ओळखीच्या भांड्यात ठेवा आणि एक राळ्याचं कणीस वरच्या दांडीजवळ अडकवा. खाली उतरायची हिंमत नसलेला पोपट निदान तेवढं तरी कुरतडतो.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती भांड्यातल्या फोलपटांमुळे. पोपट दाणा सोलून गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. संध्याकाळी वरून बघितलं तर भांडं काठोकाठ भरलेलं दिसतं आणि खाली एक दाणा नसतो. माणूस म्हणतो, ‘खाल्लं नाही वाटतं अजून.’ भांड्यावर हलकी फुंकर मारा: फोलपटं उडतील, दाणे राहतील. याच्या उलटही होतं. दाणे नुसतेच चोचीत घोळवून चुरून टाकलेले असतात आणि पोटात काहीच गेलेलं नसतं. म्हणून खाल्ल्याचा खरा पुरावा भांड्यात नाही, तळाच्या कागदावर मिळतो.

तळाशी साधा कागद अंथरा. लाकडाचा भुसा किंवा मक्याचे तुकडे नकोत, त्यात शीट दिसत नाही आणि ओलीमुळे बुरशी धरते. कागद रोज ठरावीक वेळी बदला, बदलताना नीट बघा. पोपटाच्या शिटेचे तीन भाग असतात: हिरवी किंवा तपकिरी वळी म्हणजे विष्ठा, पांढरा खडूसारखा भाग म्हणजे युरेट, आणि भोवतीची पाण्यासारखी ओल म्हणजे लघवी. पहिल्या दिवशी भीतीने ओल वाढते, घाबरून जायचं कारण नाही. बीट खाल्लं की लाल, रंगीत पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) खाल्ले की त्या रंगाची. पण विष्ठेचा भाग चिंचोळा, काळपट हिरवा होत गेला तर पोटात काही जात नाही आहे. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला, शिटेत अख्खे न पचलेले दाणे दिसले किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. लहान पोपटाच्या अंगात एक-दोन दिवसांच्या उपासाचीही शिल्लक नसते.

आणि काटा. एक ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. वजन सकाळी, रात्रभर साठलेली पहिली मोठी शीट झाल्यावर आणि खाण्याआधी करायचं. वेळ बदलली की आकड्यांना अर्थ राहत नाही. काट्यावर लहान दांडी किंवा टोपली ठेवा, काटा शून्यावर आणा, मग पक्षी बसवा. बजी साधारण 30 ते 40 ग्रॅमचा असतो, कॉकाटील 80 ते 100, आफ्रिकन ग्रे 400 ते 550. तुमच्या पक्ष्याचा आकडा मात्र त्याचा स्वतःचाच, तक्त्यातला नव्हे. त्यातून दहा टक्के उतरले की ते आजारपण समजायचं. 90 ग्रॅमच्या कॉकाटीलसाठी हे 9 ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन लहान चमचे साखर. पिसांखाली हे डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. हातावर न येणाऱ्या पक्ष्याला रोज पकडून तोलू नका, त्या झटापटीनेच तो खाणं सोडेल. त्याचं वजन डॉक्टरकडे एकदा करून घ्या, पुढे काट्यावर चढायला शिकेपर्यंत शिटेची संख्या आणि रूप यांच्यावर भागवा.

पहिल्या आठवड्यात पक्ष्यांच्या डॉक्टरकडे एक फेरी हवीच. कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टर पोपटांचा चांगला डॉक्टर असेलच असं नाही, तेव्हा पक्षी किती बघता हे सरळ विचारा. शिटेची तपासणी, सिटॅकोसिस या जिवाणूजन्य आजाराची पीसीआर चाचणी आणि चोच-पिसांच्या विषाणूजन्य आजाराची चाचणी यांविषयी बोला. सिटॅकोसिस माणसालाही होतो. वाळलेल्या शिटेची धूळ श्वासात गेली की साधारण 5 ते 14 दिवसांत ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला सुरू होतो. औषधाने बरा होतो, पण घरी नवा पोपट आहे हे तुमच्या डॉक्टरला सांगावं लागतं, त्याशिवाय त्याच्या मनात तो येणार कसा? पिंजरा कोरडा खरवडू नका. आधी पाणी शिंपडा, मग पुसा. घरात आधीचे पक्षी असतील तर नव्याला 30 ते 45 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. दाणा-पाणी आधी जुन्यांचं, शेवटी नव्याचं, मग हात धुवा आणि वरचा कपडा बदला. एकाच खोलीच्या दोन टोकांना ठेवलेले दोन पिंजरे म्हणजे विलगीकरण नव्हे, हवा एकच असते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कधीतरी तो गुणी पोपट अचानक चावतो किंवा कानठळ्या बसवतो. लोक म्हणतात बिघडला. खरं तर आता कुठे तो मोकळा होतोय. चावण्याआधी पोपट बजावतो, आपल्याला वाचता येत नाही एवढंच. डोळ्याची बाहुली भराभर लहान-मोठी होते, मानेवरची पिसं उभारतात, शेपटी पंख्यासारखी पसरते. कॉकाटील तुरा चापून फिस्स करतो. यातलं काही दिसलं की हात पुढे न्यायचा नाही. उलट एक पाय पोटात घेऊन चोच करकर घासत बसला असेल तर तो खुशीत आहे आणि पेंगुळलाय. अंग झटकून शेपटी हलवणंही चांगलं. दिवसा अंग फुगवून, डोळे मिटून, दोन्ही पायांवर बसलेला आणि श्वासागणिक शेपटी वर-खाली होणारा पोपट मात्र आजारी आहे. पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला तर नक्कीच.

आणखी एक गैरसमज. हातावर चढताना पोपट आधी चोच टेकतो. तो चावत नसतो, फांदी पेलेल का ते चाचपत असतो. त्या क्षणी हात मागे घेतलात की तो दोन धडे शिकतो: हा हात भरवशाचा नाही, आणि चोच पुढे केली की माणूस पळतो.

विश्वास मिळवायचा तो पिंजऱ्याबाहेरून. पहिल्या आठवड्यात पिंजऱ्याशेजारी, त्याच्याकडे अर्धी पाठ करून बसा, वाचा, पुटपुटा. समोर दोन्ही डोळे रोखून बघणारा प्राणी त्याच्या लेखी शिकारी असतो. जाता-येता भांड्यात त्याचा आवडता एक दाणा टाका आणि न थांबता निघून जा. पुढे तोच दाणा सळ्यांमधून बोटांनी द्या. मग एक बारीक लाकडी काडी घ्या, चॉपस्टिक चालते. काडीचं टोक त्याच्यापासून दोन इंचांवर धरा. चोच लावली की लगेच ‘छान’ म्हणा आणि दाणा द्या. शब्द एकच ठेवा आणि तो अचूक क्षणी यायला हवा; दोन सेकंद उशीर झाला तर तो भलत्याच गोष्टीचं बक्षीस समजतो. सत्र तीन ते पाच मिनिटांचं, दिवसातून दोनदा, आणि त्याला कंटाळा यायच्या आत बंद. काडीमागे चालायला लागला की काडीनेच काट्यावर न्या, दांडीवर न्या, शेवटी हातावर. हात पोटाच्या खालच्या बाजूला, पायांच्या जरा वर आडवा धरायचा. कुरवाळायचं फक्त डोकं आणि मान. पाठीवरून किंवा पंखाखालून हात फिरवणं ही पोपटांच्या भाषेत जोडीदाराची सलगी, आणि त्यातून चिडका, अंडी घालत सुटणारा पक्षी तयार होतो. आरसा आणि अंधारी खोपटी याच कारणासाठी नकोत.

खुराक बदलायचा तो वजन दोन-तीन आठवडे स्थिर राहिल्यावर. नुसत्या सूर्यफुलावर वाढलेल्या पोपटाला चरबी भरपूर मिळते, जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियम मात्र जेमतेम. ग्रेमध्ये कॅल्शियम घटलं की झटके येतात. पेलेट चांगले, पण दाणे एकदम बंद करून ‘भूक लागली की खाईल’ म्हणणं लहान पोपटांच्या जिवावर बेततं, कारण पेलेट हे अन्न आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. दाण्यांत चिमूटभर पेलेट चुरून सुरुवात करा, प्रमाण काही आठवड्यांत वाढवा, काटा रोज बघा. सकाळी भूक कडकडीत असते तेव्हा गाजर, रताळं, लाल भोपळा, पालेभाजी बारीक चिरून द्या आणि दोन-तीन तासांत उरलेलं उचला. मिरची बिनधास्त द्या. तिखटपणा जाणवून देणारा घटक पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जवळजवळ कळतच नाही, त्यामुळे आपल्या नाकातोंडातून पाणी काढणारी मिरची त्याला नुसती कुरकुरीत लागते. अवोकाडो, चॉकलेट, कॉफी, दारू, कांदा-लसूण आणि खारवलेलं काहीही बंद.

झोप दहा ते बारा तास, अंधारात. झोप अपुरी पडली की चिडचिड आणि ओरडणं वाढतं, आणि लोक कारण भलतीकडेच शोधतात. कॉकाटील अंधारात दचकून पिंजराभर आपटतात, त्यांना मंद दिवा ठेवा. सकाळ-संध्याकाळचा कलकलाट मात्र थव्याची हजेरी असते, ती बंद होत नसते. तुम्ही दुसऱ्या खोलीतून एक ठरावीक शीळ घाला. कालांतराने तो किंकाळीऐवजी शिळेने विचारतो. किंचाळला म्हणून धावत गेलात, रागवायला का होईना, तर किंचाळणं कामी येतं हे त्याला पक्कं कळतं.

दत्तक पोपटांत पिसं उपटलेले पुष्कळ असतात. छाती उघडी आणि डोक्यावरची पिसं शाबूत असतील तर तो स्वतःच उपटतोय, कारण डोक्यापर्यंत स्वतःची चोच पोचत नाही. डोक्यावरचीही विरळ किंवा वेडीवाकडी असतील तर आजाराची शंका घ्यायची. दोन्ही वेळा आधी तपासणी, मग कंटाळ्यावरचे उपाय: दाणे कागदात गुंडाळून द्या, पुठ्ठ्याच्या नळीत कोंबा, कमवून खाऊ दे. दोरीची खेळणी उसवली की फेकून द्या, धाग्यात बोट अडकून त्याचा रक्तपुरवठा थांबतो.

पहिल्यांदा बाहेर सोडाल त्या दिवशी खिडक्या आणि दारं बंद, पंखा बंद, संडासाचं झाकण खाली, पाण्याची बादली झाकलेली. काचेवर आणि आरशावर चादर टाका. त्याला काच ही वस्तूच माहीत नसते. खोलीत कुणीही आगंतुकपणे शिरणार नाही याची व्यवस्था करा. वेळ निवडा ती त्याच्या जेवणाच्या आधीची. बाहेर दहा मिनिटं पुरेत. मग भरलेलं भांडं त्याच्या डोळ्यांसमोरून पिंजऱ्यात नेऊन ठेवा आणि दार उघडं टाकून खुर्चीवर बसा. पडद्याच्या दांडीवर बसून राहिला तर टॉवेल घेऊन मागे लागू नका, दिवे मंद करा आणि वाट बघा.